सुरुंगाच्या मासळीला पाठ नाही

मला माणसांच्या तोंडाकडं बघून बोलता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही गुरुजींनी काही विचारलं की मी खिडकीकडं बघून उत्तर द्यायचे. उत्तर बरोबर असायचं. गुरुजी म्हणायचे, "अगं, खिडकीला कळलं, मला कधी कळायचं?" अशा बाईला आयुष्यात काही मिळालं नसतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण याच लाजण्यानं मला एक काम मिळवून दिलं, आणि त्या कामापायी मी देशाचा कायदा लिहिणाऱ्यांच्या समोर जाऊन बसले. वाक्य फार मोठं झालं. पण हे मी माझ्यासाठीच लिहितेय, म्हणून तसंच राहू देते.

आमचा तलाव येरमाळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत आहे. आम्ही भोई. आमच्या सगळ्या घरांची मिळून मासेमारीची संस्था आहे आणि तलाव संस्थेकडं ठेक्यानं असतो. पाऊस झाला की आम्ही रोहू, कटला, मृगळ यांचं बीज आणून पाण्यात सोडतो. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती वाढेपर्यंत तलावाची राखण करायची आणि मोठी झाली की पकडायची. समुद्र आम्ही कुणी पाहिलेला नाही. बाहेरच्या माणसाला सांगितलं की आम्ही मासेमारी करतो, तर तो हसून म्हणतो, "धाराशिवात? इथं प्यायला पाणी न्हाय!" त्याचंही बरोबर आहे. कोरड्या सालात आमचे तराफे गोठ्याच्या छपरावर पडलेले असतात.

पकडलेली मासळी कुणा एकाची नसते. सगळी काठावर एका जागी ओततात, तिचे सारखे ढीग करतात, जेवढी घरं तेवढे ढीग. मग एक माणूस ढिगांकडं पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर काठी ठेवतो आणि विचारतो, "हा कुणाला?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. त्यावर तक्रार नाही. जो आजारी आहे, जी बाळंतीण आहे, जो पाहुण्यांकडं गेला आहे, त्याचंही नाव घ्यायचंच. मग त्यानं तो वाटा खाल्ला, विकला की कुणाला दिला, ते आपण विचारायचं नाही.

पूर्वी पाठमोरे बसायचे ते आमच्या आप्पांचे भाऊ. आप्पा म्हणजे संस्थेचे चेअरमन, नात्यानं माझे चुलत सासरे. भाऊ माणूस सरळ, पण त्यांच्या बायकोला मोठ्या ढिगावर काठी टेकली की खोकला यायचा. बरीच सालं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा तिला खरंच सर्दी झाली आणि ती सगळ्याच ढिगांना खोकली. भाऊ गडबडले, आपल्याच घराचं नाव लागोपाठ घेत सुटले, आणि काठावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आप्पा म्हणाले, "गिरजेला बसवा. ही कुणाकडं बघतच न्हाय, हिला इशारा करणार कोण?"

तेव्हापासून मी पाठमोरी. अंगावर पदर घ्यायचा, समोर डोंगर बघायचा आणि नावं घ्यायची. डोंगराला मी कधी लाजले नाही.

वाटे झाले की आम्ही बायका पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठतो. माझी जागा माझ्या थोरल्या जावेच्या शेजारी. तिचं नाव सोजर, मी तिला अक्का म्हणते. अक्काचा आवाज असा की ती येरमाळ्याच्या बाजारात ओरडली तर रस्त्यावरची एसटी थांबावी. ती गिऱ्हाईक बोलवायची, भाव करायची, भांडायची, आणि मी मान खाली घालून मासे कापायची. गिऱ्हाइकांना मी चपलांवरून ओळखते. एक जण कायम हेल्मेट घालून यायचा. त्याच्या घरी कुणी मासळी खात नसावं. हेल्मेट काढायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. मी वर बघायची नाही, तो काच वर करायचा नाही. आमचा व्यवहार वर्षानुवर्षं बिनतोंडाचा चालला. अक्का म्हणायची, "तुमचं दोघांचं लगीन लावलं असतं तर अंतरपाट धरायची गरजच न्हवती."

आता सुरुंगाचं सांगते, कारण कायद्याचं सगळं तिथूनच सुरू होतं.

तलावात चोरी करणारे जाळं टाकत बसत नाहीत. भर दुपारी, काठावर कुणी नाही असं बघून मोटारसायकलवर येतात, सुरुंगाची कांडी पेटवून पाण्यात टाकतात आणि वर आलेले मोठे मासे पोत्यात भरून पळतात. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं, तेरखेड्याला फटाके होतात म्हणजे हा माल तिथलाच. तसं नाही. विहीर फोडायला कांड्या लागतात, त्यातल्या उरल्यासुरल्या असल्या हातांत जातात. फटाका पाण्यात टाकला तर विझेल. या कांडीनं सगळं पाणी हादरतं. मोठा मासा मरतोच, पण आम्ही सोडलेलं बोटाएवढं बीजही मरतं. चोर काय नेतो तो तोटा थोडा, मागं काय मारून जातो तो मोठा. आमच्या तलावातली मरळ अशीच संपली. तिच्यासारखा चवीचा मासा दुसरा नाही, आणि माझ्या नातवंडांना तो माहीतच नाही.

आम्ही उपाय केले. एकदा संस्थेनं लोखंडी पाटी करून घेतली, "सुरुंग टाकणारावर कायदेशीर कारवाई होईल". ती रोवली तेव्हा साल कोरडं होतं. पाणी जिथवर होतं तिथं, काठावर, चांगली सिमेंट घालून पक्की रोवली. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि पाटी पार पाण्याखाली गेली. आप्पा कपाळाला हात लावून बसले. अक्का म्हणाली, "आसू द्या आप्पा, कायदा निदान माशांनी तरी वाचला."

सुरुंग झाला की सगळे मासे लगेच वर येत नाहीत. बरेचसे तळाला जातात आणि नंतर तरंगतात. चोर तेव्हा निघून गेलेले असतात. ते मासे आमचे, आम्हीच वाढवलेले. पाण्यात ठेवले तर पाणी नासतं. म्हणून आम्ही ते काढतो. पण त्या दिवशी मी पाठमोरी बसत नाही. आमच्यात रीतच आहे, सुरुंगाच्या मासळीला पाठ करायची नाही. सगळ्यांनी ढिगाभोवती तोंड करून बसायचं. कुणी किती उचलून आणले ते सगळ्यांसमोर ओतायचं, कुणी परस्पर घरी न्यायचं नाही. मग एकेका माशाची शेपटी कापायची. शेपटी कापलेला मासा दिसला की गिऱ्हाइकाला कळतं, हा स्वस्तातला, दाबून बघा, ताजा असेल तर घ्या, आणि आत्ताच शिजवून खा, ठेवू नका. सुरुंगाच्या माशाचा काटा आतून मोडलेला असतो, मांस लवकर मऊ पडतं.

अशाच एका दिवशी अक्काला धरलं. बाजारात तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तिच्या पाटीतला मासा दाबून पाहिला, काटा मोडलेला लागला. "सुरुंगाची मासळी विकता?" अक्का म्हणाली, "व्हय, म्हणून तर शेपट्या कापल्यात." साहेब म्हणाले, "शेपटी कापली म्हणजे सुटलात का?" पाटीसकट तिला ठाण्यात घेऊन गेले. आप्पा धावत गेले, पोलीस पाटील गेले, दिवस मावळायच्या आत ती सुटली. मासळी नासली ते नासली, पण अक्काचं तोंड मिटलं, हे वाईट झालं. ती बाजारात येईना. म्हणाली, "जलमभर चोरांच्या नावानं ओरडले आन् चोर म्हणून मलाच बसवलं. पुन्हा एकदा धरलं तर पाटी हिरीत टाकीन."

तिच्यावाचून मी एकटीच बसले. गिऱ्हाईक विचारायचं, "कसा दिला?" आणि मी माशाला सांगायचे. त्या दिवसांत मला कळलं, की अक्का नसेल तर मीही नाही.

त्याच सुमारास निरोप आला. मासेमारीतल्या गुन्ह्यांसाठी सगळ्या देशाला एकच कायदा करायचा म्हणून मसुदा चालला होता. समुद्राकाठी बैठका झाल्या, आता तलाववाल्यांचंही ऐकायचं म्हणून मसुदा लिहिणारी मंडळी धाराशिवला येणार होती. संस्थेनं माणसं पाठवायची होती. आप्पा निघाले. अक्काला मी हात धरून बाहेर काढलं. म्हणाली, "तू येत असशील तर येते. पण बोलायचं कुणी?" मी म्हटलं, "तुम्हीच." मलाच बोलावं लागेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सभागृह मोठं होतं. टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात माईक, त्याची मान सापासारखी वर आलेली. मी खुर्ची जरा मागं घेतली. मसुदा लिहिणाऱ्या वकीलबाई मराठीच होत्या, दिल्लीला राहायच्या. केस आखूड, बोलणं नीट. चहाला अक्कानं त्यांना विचारलं, "बाई, कंचा मासा आवडतो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मी शाकाहारी आहे." अक्का माझ्या कानात म्हणाली, "झालं! आता भेंडीचा कायदा कर म्हणावं."

मग त्यांनी मसुदा एकेक वाक्य मराठीत वाचून दाखवला. बरीच कलमं चांगली होती. सुरुंग टाकणारा, पाण्यात विष घालणारा, करंट सोडणारा, सगळ्यांना शिक्षा होती. बारीक भोकांच्या जाळ्यावर बंदीचंही होतं. आप्पा मान डोलवत होते आणि मधूनच तलावाच्या रस्त्याचं काढत होते. प्रत्येक वेळी वकीलबाई म्हणायच्या, "आप्पा, रस्ता या कायद्यात बसत नाही." आप्पा म्हणायचे, "कायद्यात न्हाय, पण कायदा यायचा तर रस्त्यानंच ना!"

मग ते कलम आलं. ज्याच्याकडं सुरुंगानं मेलेली मासळी सापडेल, त्यानंच सुरुंग टाकला असं धरलं जाईल. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं.

अक्का उठलीच. "म्हंजे पुन्हा मलाच का? आमचंच मासं मारायचं, आन् आमीच तुरुंगात जायचं? ह्यो कसला कायदा? चोराला फटफटी आन् बाईला बेडी!" तिचं खरं होतं, पण भांडल्यासारखं झालं. वकीलबाईंच्या शेजारी बसलेले सरकारी साहेब म्हणाले, "बाई, शांतपणे सांगा." अक्काला शांतपणा जमत नाही. तिचे डोळे भरले आणि ती खाली बसली.

वकीलबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यावर काय गुजरलं ते मला समजतं. पण माझीही अडचण ऐका. हे वाक्य मी काढलं, तर उद्या सुरुंग टाकणारा पोतं भरून नेताना सापडेल आणि म्हणेल, मला हे तरंगताना मिळालं. मग त्याला कसं धरायचं?"

त्यांचंही खरं होतं.   मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कुठला मासा कुणाचा, हे ठरवतं कोण?"

आप्पांनी, अक्कानं आणि मागं बसलेल्या, आमची वाटणी माहीत असलेल्या कळंबच्या माणसांनीसुद्धा माझ्याकडं बोट केलं.

माईक माझ्यासमोर सरकला. साहेब बघत होते, वकीलबाई बघत होत्या, भिंतीवरच्या तसबिरी बघत होत्या.  मी पाणी प्याले. पुन्हा प्याले. कुणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, "साहेब, ही तशी बोलती, पण तोंडावर बोलत न्हाय. हिची खुर्ची फिरवून द्या."

आणि साहेबांनी अन् आप्पांनी उठून ती खरंच फिरवली. मी सगळ्या देशाच्या कायद्याकडं पाठ करून बसले. समोर खिडकी होती, खिडकीत लिंबाचं झाड. मला गुरुजी आठवले. मग मी झाडाला सगळं सांगितलं. वाटे कसे करतात, नाव कसं घेतात, भाऊंच्या बायकोचा खोकला, सगळं. मागून हसण्याचा आवाज आला, तो चांगला होता. मग मी सुरुंगाच्या मासळीवर आले. सांगितलं, की त्या मासळीला आम्ही पाठ करत नाही, सगळे तोंड करून बसतो, जो जे उचलून आणतो ते सगळ्यांसमोर ओततो, लपवून न्यायचं नाही, शेपटी कापायची.

मागून अक्का ओरडली. तिचा बाजारातला आवाज. मी किती दिवसांनी ऐकला. "आगं गिरजे, सुरुंगाच्या मासळीचंच बोलतीस ना? मग पाठ करून काय बसलीस? फिरव की तोंड!"

  रीत ती रीत. मी खुर्चीवरून उठले, कारण ती जड खुर्ची मला एकटीला फिरवता येत नव्हती, आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिले. वकीलबाईंचे डोळे तपकिरी होते. इतक्या जवळून मी कुणाचे डोळे पाहिले नव्हते. त्यांच्याकडं बघून म्हणाले, "बाई, चोर मासळी लपवून नेतो. आम्ही सगळ्यांसमोर ओततो. लपवणाऱ्याला धरा, ओतणाऱ्याला धरू नका."

बस, एवढंच. मग मी खाली बसले, ती चुकून आप्पांच्या खुर्चीवर. आप्पा उभेच राहिले.

कलम लगेच झालं असं कुणी समजू नये. माझ्या बोलण्यानं काही कायदा होत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "समोर ओततो हे मला कळलं, पण कोर्टाला ते कुठल्या शब्दांत सांगायचं?" पुढं त्या पुन्हा आल्या, या वेळी तलावावरच, आणि आम्ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. तेव्हा मला कळलं, की कायद्याचं एक वाक्य म्हणजे किती मरणाचं काम आहे. सुरुंगाची मासळी मिळाल्याचं जो आधी कळवेल त्याला धरायचं नाही, एवढं ठरलं, पण कळवायचं ते कुणाला? त्यांच्याबरोबर आलेले साहेब म्हणाले मोबाइलवरून कळवा. अक्का म्हणाली, "रेंज टेकडीवर येती. मासळी घिऊन टेकडी चढू का?" मी म्हटलं, ठाण्यात. वकीलबाई म्हणाल्या, ठाणं लांब आहे, तोवर मासळी नासेल, बायका एकट्या कशा जातील. माझंच चुकलं होतं. शेवटी ठरलं, संस्थेला, ग्रामपंचायतीला किंवा पोलीस पाटलाला. कळवायचं कधी? विकायच्या आधी. आणि कळवणाऱ्यानं मासळी परस्पर न्यायची नाही, सगळ्यांसमोर एकत्र करायची. हे शेवटचं आमच्या ढिगातून आलं. शब्द मात्र वकीलबाईंचे. एक शब्द त्यांनी घातला, खोडला, पुन्हा घातला. मी बीज मोजून सोडते तसंच त्या करत होत्या. मला त्यांची दया आली आणि मी त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली. अक्का म्हणाली, "खा बाई, ह्यात काटा न्हाय."

निघताना मी त्यांना विचारलं, तेही तोंडाकडं बघून, "बाई, हे होईल ना?" त्या म्हणाल्या, "मसुद्यात गेलंय. पुढं अजून बरीच दारं आहेत. कुठल्या दारात अडकेल सांगता येत नाही. पण आता ते वाक्य कुणालाही खोडायचं असेल, तर खोडण्याआधी वाचावं लागेल."

अजून तो कायदा झालेला नाही. सुरुंग टाकणारा एकही आमच्या हाती लागलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. मरळही परत आली नाही. पण अक्का बाजारात आली. सुरुंगाची मासळी असेल त्या दिवशी ती पाटीपुढं कापलेल्या शेपट्यांचा ढीगच मांडते आणि ओरडते, "बघून घ्या, दाबून घ्या, दिल्लीला कळवून आणलीया!" पोलीस पाटील आता तिला बघितलं की आधीच म्हणतात, "कळलं, कळलं."

या हंगामात तलाव भरला. पहिली मोठी पकड निघाली तेव्हा काठावर सगळे जमले. मासळी चांगली, जिवंत, उड्या मारणारी. ढीग झाले. मी नेहमीसारखी पदर घेऊन डोंगराकडं तोंड करून बसले. आप्पांनी काठी टेकवत विचारलं, "हा कुणाला?" मी नावं घेत गेले. सगळी घरं झाली. एक ढीग उरला. आप्पांचा मोजण्यात घोळ झाला होता, म्हातारे झालेत.

"आता हा कुणाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वकीलबाईंना."

 सगळे हसायला लागले. आप्पा म्हणाले, "आगं, ती बाई मासळी खात न्हाय!"

मी वळून बघितलं. पाठमोरीनं वळायचं नसतं, पण वळले. सगळ्यांची तोंडं दिसली, एकेक ओळखीचं, हसणारं.

म्हटलं, "आसू द्या की. तिनं खायचा का न्हाय ते तिचं तिनं बघावं. आपण नाव घ्यायचं."

अक्कानं तो ढीग आपल्या पाटीत ओढला. म्हणाली, "ती खात न्हाय, बरं झालं बाई. मग आता ह्या वाट्याचं माझं मीच बघते."